कॅल्शियम मधोमध बसत नाही

तू बारा दिवसांची होतीस तेव्हा विभागाची मेल आली. तुला खांद्यावर घेऊन मी ढेकराची वाट बघत होते, मोकळ्या हातात फोन होता. पीएचडीचा शेवटचा सेमिनार, सतरा दिवसांनी, सकाळी अकरा वाजता, मुंबईत. समितीसमोर प्रत्यक्ष हजर राहणे आवश्यक.

मी बोटांवर मोजलं. त्या दिवशी तू एकोणतीस दिवसांची असणार होतीस, आणि दुसऱ्याच दिवशी माझी नोंदणी संपत होती. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती, एकदा लग्नाच्या वेळी, एकदा तुझ्या वेळी. तिसरी मिळत नाही. सेमिनार चुकला की सहा वर्षं गेली. ना प्रबंध, ना पदवी.

"आई," मी तुझ्या आजीला म्हटलं, "मला एक दिवस मुंबईला जावं लागेल."

आजी शेगडीवर ओवा टाकत होती. चंद्रा तिचं नाव, पण आमच्या अख्ख्या अंजूर गावात तिला नावाने हाक मारणारे आता फक्त तुझे आजोबा उरलेत. तिने वर बघितलंसुद्धा नाही.

"कवा?"

"एकोणतिसाव्या दिवशी."

"सव्वा महिना झाल्याबिगर बाळंतीन खाडी वलांडत न्हाय. मंग नारल देऊ खाडीला, आनि जा कुठं जायाचा तं."

आमच्याकडून मुंबईला जायचं तर खाडी आडवी येतेच. मी डॉक्टरांचं नाव सांगून बघितलं. टाके भरलेत, चालायला हरकत नाही, तूही गुटगुटीत आहेस. आजीने शेगडी माझ्या खाटेखाली सरकवली आणि माझ्या कानातला कापूस नीट बसवला. मला राग आला. सहा वर्षं जी बाई अणूच्या आतलं गणित करतेय तिच्या कानात कापूस. मी तो काढून उशीवर ठेवला आणि म्हटलं, "आई, हे सगळं पूर्वी ठीक होतं."

"पूर्वी काय ठीक व्हता?" आजी खाली बसली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. "मनोजच्या वेळंला मना अकराव्या दिशी लावनीला उभी केली व्हती. गुडघाभर पान्यात. सासूला बोलले, पाय कापतान. ती बोलली, भात थांबल काय तुझ्यासाठी? मना कोनी बसू दिला न्हाय, नीरजा. त्याच दिशी ठरवला, माझी सून बसल. पुरा सव्वा महिना बसल. तिला कोन उठवतो तंच बघते."

तिने तो कापूस उशीवरून उचलला आणि परत माझ्या कानात घातला. मी तो राहू दिला. त्या शेतावर आता गोडाऊन आहे, लावणी संपून वीस वर्षं झाली, पण सुनेला बसवायची आजीची तयारी अजून मोडलेली नव्हती. मी अडकले होते, आणि मला अडकवणारी बाई मला रोज पहाटे अळिवाची खीर करून देत होती.

*

दुसऱ्या दिवशी तुला तेल लावताना आजीने आपणहून विषय काढला. "पन तू करतंस तरी काय गं त्या लॅपटॉपात?"

मी सांगितलं. कार्बनचे साठ अणू एकमेकांना धरून गोल पिंजरा करतात, फुटबॉलसारखा. इतका लहान की केसाच्या जाडीत एकाशेजारी एक लाखभर बसतील. त्या पिंजऱ्यात दुसराच एखादा अणू कोंडता येतो. मी कॅल्शियमचा अणू कोंडते.

"कॅल्शियम म्हंजे त्या तुझ्या गोल्या?"

"तोच. दुधातला, हाडांतला. त्याच्यावर उजेड पाडला की त्याच्यातला एक इलेक्ट्रॉन सुटून बाहेर पडतो. तो कोणत्या उजेडात किती सहज सुटतो, ते मी काढते."

"उजेड कंचा, ट्यूबलाइटचा?"

"त्याहून खूप जोरकस. डोळ्यांना न दिसणारा."

"मंग तुना कसा दिसतं?"

"गणितात दिसतो."

आजीने तुझी एक तंगडी उचलून गुडघ्याशी दुमडली. तू कुरकुरलीस. "आनि पिंजऱ्यात हाय तं सुटल कसा? पिंजरा अडवल त्याला."

तिला वाटलं त्याहून हा प्रश्न मोठा होता. याच एका प्रश्नावर माझी सहा वर्षं गेली होती. मी म्हटलं, "अडवतोही, आणि ढकलतोही. इलेक्ट्रॉन निघतो लाटेसारखा. थोडी लाट पिंजऱ्याच्या भिंतीवर आपटून मागे येते. मागे आलेली आणि नवी निघालेली एकमेकींच्या तालात पडल्या तर जोर वाढतो. मग कोंडलेला अणू मोकळ्या अणूपेक्षाही सहज इलेक्ट्रॉन सोडतो. ताल चुकला की उलटं. म्हणून माझ्या आलेखात अशी शिखरं येतात." तिच्या तेलकट मनगटावर मी बोटाने वर-खाली रेघ काढली.

"म्हंजे पिंजऱ्याचा गुन हाय," आजी म्हणाली.

"पिंजऱ्याचाही आहे."

आजी हसली नाही, पण त्या दिवशी लाडवात डिंक जास्त होता.

*

मी आमच्या हेमाली मॅडमना फोन केला. त्या माझ्या मार्गदर्शक. ऑनलाइन घेता येईल का विचारलं.

"हरेश सर तयार नाहीत," मॅडम म्हणाल्या. हरेश सर समितीचे अध्यक्ष. "आणि नीरजा, अडचण तेवढीच नाही. त्यांनी तुझा मसुदा वाचलाय. आकृती सात त्यांना मान्य नाही. ते लहान शिखर म्हणजे गणितातला कचरा आहे म्हणतात. अणू मधोमध ठेव, वक्ररेषा साफ येईल. दोन दिवसांचं काम आहे. तुझ्या जागी मी असते तर आत्ता तेच केलं असतं. बाळ लहान आहे तुझं."

बाळ लहान आहे, म्हणून अणू मधोमध. हे वाक्य मी तुझ्या दुपट्यांच्या घडीत घालून ठेवलं, आणि दर वेळी घडी उघडली की ते बाहेर पडायचं.

खरं सांगायचं तर तीन वर्षं मीच तो मधोमध ठेवला होता. सगळे ठेवतात. अणू मध्यावर असला की सगळ्या दिशा सारख्या होतात आणि दहा पानांचं गणित दोन पानांत उरकतं. कॅल्शियम पिंजऱ्यात थोडा कडेला सरकून बसतो असं आधीच्या कित्येक निबंधांत लिहिलेलं मी वाचलं होतं, आणि सोयीसाठी नजरेआड केलं होतं.

ते नजरेसमोर आणलं तुझ्या पाळण्याच्या खोक्याने. तुझा बाबा, मनोज, दापोड्याच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. दिवसाला हजारो खोकी त्याच्या हाताखालून जातात. मला सातवा महिना होता तेव्हा पाळणा आला. त्याने खोका दारातच एकदा डावीकडे हलवला, एकदा उजवीकडे, आणि म्हणाला, "माल मध्ये नाय. या कडेला बसलाय. तू त्या बाजूने धरू नको."

"न उघडता कसं कळलं?"

"एका बाजूचा धक्का लवकर येतो, दुसऱ्या बाजूचा उशिरा. मध्ये असता तर दोन्ही सारखे आले असते." त्याने खोका उघडला. पाळण्याच्या लोखंडी दांड्या खरंच एका कडेला होत्या.

त्या दिवसापासून मी दहा पानांचं गणित धरलं. विभागाच्या मोठ्या कॉम्प्युटर मशीनवर ते घरूनच लावायचे, तू आतून लाथा मारायचीस. कॅल्शियमला त्याच्या खऱ्या जागी बसवलं आणि मोठं शिखर खचलं, त्याच्या शेजारी लहान शिखर उभं राहिलं. जवळच्या भिंतीवरून लवकर परतलेली लाट आणि लांबच्या भिंतीवरून उशिरा परतलेली. ती आकृती सात. तू जन्मायच्या आदल्या आठवड्यात ती पूर्ण झाली.

आणि आता तू पाळण्यात. तुला कितीदा मधोमध ठेवलं तरी तू सरकत सरकत डाव्या कडेला जातेस आणि तिथे कापडाला गाल लावून झोपतेस. मी तुला परत मध्ये घ्यायला गेले की आजी म्हणते, "ऱ्हाऊ दे. तिला थयंच बरा वाटतं."

*

विसाव्या दिवशी मी सांगून टाकलं. विचारलं नाही, सांगितलं. "आई, मी जाणार आहे. तुम्ही मला बसवलंत ते मी विसरणार नाही. पण मी जाणार."

आजी उठून बाहेर गेली. त्या दिवसापासून ती माझ्याशी थेट बोलली नाही, सगळं तुझ्यामार्फत. "बाय, सांग तुझ्या आयसला, शेपा चावून खा म्हनावा. बाय, इचार तिला, पानी कडत पायजे का कोमट." तू ऐकून घ्यायचीस आणि मुठी चोखायचीस. मीही तुझ्यामार्फतच उत्तर द्यायचे. आजोबा जेवताना म्हणाले, "या घरात आता एकच शहाना मानूस हाय, आनि तो बोलत न्हाय."

मी तू झोपलीस की लॅपटॉप उघडायचे. वीस मिनिटं, कधी चाळीस. या चोरलेल्या वेळात मी हरेश सरांचा प्रत्येक संभाव्य प्रश्न लिहून काढला आणि त्याखाली उत्तर. तू जागी झालीस की अर्धं वाक्य तिथेच सोडायचे. दूध पिताना तू माझं बोट धरायचीस, म्हणून काही उत्तरं मी एका हाताने टाइप केली आहेत. अणू मधोमध ठेवायला दोन दिवस लागले असते हे मला माहीत होतं. ते दोन दिवस मी त्या कामाला दिले नाहीत.

एकोणतिसाव्या दिवशी सकाळी सात वाजता मनोजने मित्राची इको गाडी दारात आणली. मी तुला गुंडाळून बाहेर आले तर मागच्या सीटवर आजी बसलेली. इरकली लुगडं, मांडीवर पिशवी. पिशवीत गरम पाण्याचा थर्मास, सहा दुपटी, डब्यात शिरा आणि कापसाचं पुडकं.

"बाय," ती तुला म्हणाली, "सांग तुझ्या आयसला, शेगडी गाडीत नेता येत न्हाय. म्हनून मी येतंय."

काल्हेरची गोडाऊनं मागे पडली. खाडीवरचा कशेळीचा पूल लागला तशी आजीने खिडकीची काच वर केली, तुझ्या तोंडावर पदर घातला आणि खाली पाण्याकडे बघत पुटपुटली, "कामाला चाललीय. हौसेला न्हाय."

पूल संपेपर्यंत तिने श्वास धरून ठेवला होता. मी बघत होते.

*

मनोज खाली गाडीपाशी थांबला. हॉलच्या दाराशी शिपाई म्हणाला लहान मूल आत चालणार नाही. मी तुला बाहेरच्या बाकावर बसून पोटभर पाजलं, आजीकडे दिलं आणि आत गेले. दार लोटलं गेलं.

समितीत तिघं. हरेश सर मध्ये, हेमाली मॅडम त्यांच्या डावीकडे, आणि दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या एक वयस्कर मॅडम, ज्या सगळा वेळ चष्मा पुसत होत्या. अर्धा तास मी बोलले. टाके ओढत होते, म्हणून टेबलाला एक हात टेकून. आकृती सातपाशी हरेश सरांनी हात वर केला.

"हे काय आहे?"

"शिखर आहे, सर."

"शिखर नाही, थरथर आहे. गणितासाठी तुम्ही जागेचे तुकडे पाडता. तुकडे ओबडधोबड पडले की असं होतं."

"म्हणून मी तुकडे निम्म्याने लहान करून परत केलं. मग आणखी निम्म्याने. थरथर असती तर जागा बदलली असती. हे तिन्ही वेळा तिथेच आलं."

"जगभर लोक अणू मध्यावर ठेवतात."

"झेनॉनचा अणू ठेवतात सर, तो मध्यावर बसतो. कॅल्शियम बसत नाही. त्याला मध्ये ठेवलं की गणित सोपं होतं, एवढाच फायदा. मीही तीन वर्षं तेच केलं. ती माझी चूक होती."

"कडेला आहे हे तुम्ही आत जाऊन बघितलंत?"

"दापोड्याला गोडाऊनमध्ये खोका न उघडता सांगतात माल कुठल्या कडेला आहे," मी म्हटलं. हेमाली मॅडमनी मान खाली घातली. "हलवल्यावर एका बाजूचा धक्का लवकर येतो, दुसऱ्या बाजूचा उशिरा. इथे धक्क्याच्या जागी लाट आहे. मोठं शिखर खचून शेजारी दुसरं आलं, कारण दोन भिंती आता सारख्या अंतरावर नाहीत. आकृती सातमध्ये दुसरं काही नाही."

हरेश सर खुर्चीत मागे टेकले. आवाज मऊ केला. "हे बघा, उद्या तुमची नोंदणी संपते. मला तुमचं नुकसान करायचं नाही. आकृती सात काढून टाका. बाकीचं काम चांगलं आहे. मी आत्ता सही करतो, तुम्ही घरी जा, बाळाकडे बघा."

तेवढ्यात बाहेर तू रडलीस. तुझं भुकेचं रडणं मी शंभर रडण्यांतून ओळखेन. माझ्या अंगाने माझ्याआधी उत्तर दिलं. कुडत्याला ओल आली. दाराबाहेरून शिपायाचा आवाज आला, "ओ आजी, खाली घेऊन जा तिला, आत मीटिंग आहे." आणि मग आजीचा, बांधावरून बांधावर हाक मारतात तसा, "हिची आय आत हाय. ही हितंच रडल."

मी ओढणी पुढे ओढली नाही. टेबलावरचा हातही काढून घेतला.

"सही करू नका, सर," मी म्हटलं. "पण नकाराचं कारण लिहून द्या. 'अणू जिथे असतो तिथेच ठेवला म्हणून नामंजूर', असं लिहा. खाली तारीख घाला. मी तो कागद घेऊन जाते."

तू रडत होतीस. हरेश सरांनी पेन उचललं, कागदावर नेलं आणि तसंच धरून ठेवलं.

वयस्कर मॅडमनी चष्मा लावला. "पिंजरा काढून टाकला तर हे शिखर राहतं?"

"नाही. दोन्ही जातात."

"आणि पिंजरा थोडा मोठा केला तर?"

"कमी ऊर्जेकडे सरकतात. किती सरकतील ते मी आधी हाताने काढलं होतं, नंतर मशीनवर."

"हाताने काढून दाखवा."

मी फळ्याकडे गेले. चार ओळींचं गणित होतं. वीस वेळा मी ते तुला मांडीवर घेऊन केलं होतं, एकदा तुझ्या टाळूवर तेल घालता घालता मनातल्या मनात. खडूने आकडा लिहिला. मॅडम उठून पडद्याशी गेल्या, आलेखावर नखाने मोजलं आणि वळून म्हणाल्या, "हरेश, जुळतंय."

"एका आलेखावरून—"

"मग नामंजूर लिही. पण ती म्हणतेय तेच कारण लिही. माझी सही त्याखाली नसेल."

हेमाली मॅडम आता बोलल्या, इतक्या वेळात पहिल्यांदा. "माझीही नसेल." माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. ते बघणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं, आणि मीही आग्रह धरला नाही.

हरेश सरांनी फळ्यावरचा आकडा पुन्हा वाचला. मग लिहिलं आणि कागद माझ्याकडे फिरवला. 'सेमिनार मंजूर. आकृती सात कायम. विद्यार्थिनी आपल्या मतावर ठाम असून प्रबंधात तिने याचे सविस्तर समर्थन द्यावे. प्रबंध तीन महिन्यांत सादर करावा.' तिन्ही सह्या.

"ठाम, हे तक्रार म्हणून लिहिलंय," ते म्हणाले.

"असू दे सर," मी म्हटलं. "खोडू नका."

*

आजी बाकावर नव्हती. दाराला पाठ लावून उभी होती, तुला छातीशी धरून, आणि शिपाई दूर जिन्यापाशी उभा राहून खालच्या मजल्याकडे बघत होता. मी तुला घेतलं. तू अशी तुटून पडलीस की मला बाकापर्यंतही जाता आलं नाही. तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. आजीने माझ्यासमोर उभं राहून पदर पसरला, येणाऱ्याजाणाऱ्यांना आडोसा.

"दार वाजवनार व्हते," ती म्हणाली. नऊ दिवसांनी थेट मला. "दोनदा हात उचलला. मंग तुझा बोलना आयकू आला. कलला काय न्हाय, पन आवाज कापत नव्हता. म्हनून नाय वाजवला."

"पाय कापत होते, आई."

"ते कापतानच." तिने पिशवीतून शिऱ्याचा डबा काढला. "झाला काय?"

"झालं. आता तीन महिन्यांत सगळं लिहून द्यायचं."

परतताना कशेळीच्या पुलावर उन्हाने पाणी पांढरं झालं होतं. या वेळी आजीने काच वर केली नाही. तुझ्या तोंडावरचा पदरही काढला. तू झोपेतच माझ्या मांडीच्या डाव्या कडेला सरकलीस.

पूल उतरल्यावर आजी म्हणाली, "खाडी मधीच वलांडली. म्हंजे मोडला. पयले एकोनतीस दिस धरायचे न्हाय. उद्या पयला दिस. परत सव्वा महिना बसायचा, पुरा."

मनोजने आरशातून माझ्याकडे बघितलं. सकाळपासून तो पहिल्यांदा हसत होता.

पुन्हा सव्वा महिना. स्वयंपाक नाही, पाणी भरणं नाही, पाहुणे नाहीत. तुझी दुपटी आजी धुणार, तुला न्हाऊ ती घालणार, दारावर येईल त्याला तीच परतवणार. प्रबंधाची पाचपैकी तीन प्रकरणं तरी होतील एवढ्यात.

"बसते," मी म्हटलं. "पण लॅपटॉप घेऊन बसणार."

"कानात कापूस घालून बस," आजी म्हणाली, आणि पिशवीत पुडकं शोधू लागली.